'ड' वर्गातल्या फायली

१ जुलै

आजपासून पुन्हा लिहायला घेते. नोकरीत होते तेव्हा रोज लिहायचे. निवृत्त झाल्यावर लिहिण्यासारखं काही घडेना, आणि गेल्या वर्षी साहेबरावांना अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून जे घडत होतं ते लिहावंसं वाटेना.

आज त्यांना घेऊन पुण्याला गेले होते, बोलण्याचे व्यायाम घेणाऱ्या स्नेहलमॅडमकडे. मॅडम म्हणजे माझ्या निम्म्याहून कमी वयाची मुलगी, केस मोकळे. आमच्या कॉन्व्हेंटात सिस्टर फिलोमिनांनी तिला दारातूनच परत पाठवलं असतं. पण बोलते स्पष्ट, हे मान्य करायला हवं.

साहेबरावांचा पाय सुधारला, काठी घेऊन घरातल्या घरात चालतात. वाचा गेली ती गेली. एक शब्द तेवढा शिल्लक आहे: "बरोबर." सगळी नोकरी प्राथमिक शाळेत केली, पोरांच्या पाट्या बघून दिवसभर हेच म्हणायचे. तोच तळाला चिकटून राहिला असावा. भूक लागली तरी बरोबर, पोट भरलं तरी बरोबर. पंखा लाव, पंखा बंद कर, पाठ दुखते, सगळ्याला बरोबर. मान हलवतात तीही भलतीकडेच.

"काकू, शब्दावर जाऊ नका. चेहऱ्याकडे बघा," मॅडम म्हणाल्या.

चेहऱ्याकडे बघा म्हणे. लग्न झाल्यापासून दुसरं काय बघत आले?

पण पुढचं त्यांनी सांगितलं ते कामाचं. मेंदूत बोलणं एका बाजूला असतं आणि गाणं दुसऱ्या. बोलणं गेलेल्या माणसाला कधीकधी पाठ असलेलं गाणं म्हणता येतं, आणि गाण्याच्या आधाराने थोडे शब्द परत येतात. येतीलच असं नाही. "त्यांना पाठ असलेलं, शक्यतो त्यांच्याच आवाजातलं काहीतरी रोज ऐकवा. आणि काकू, वर्ष वाया गेलंय. आता उशीर नको."

त्यांच्या आवाजातलं गाणं या घरात एकाच जागी आहे. खिडकीखालच्या कॉम्प्युटरमध्ये.

२ जुलै

साहेबराव पासलीच्या शाळेवर होते तेव्हा सासूबाई त्यांच्याजवळ खोलीवर राहायच्या. मी वेल्ह्याला, तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये नोकरीला; सुटीला पासलीला जायचे. सासूबाईंचं नाव अक्काबाई. त्या आणि शेजारची बनाबाई जात्यावर बसल्या की ओव्या म्हणायच्या. भीमाच्या, लेकरांच्या, भाताच्या, सासुरवासाच्या. साहेबराव टेपरेकॉर्डर लावून बसायचे आणि मधूनच स्वतःही सूर लावायचे. पुरुषमाणूस जात्याशी बसून गातो याचं तेव्हा मला हसू यायचं. निवृत्तीनंतर त्यांनी हा कॉम्प्युटर घेतला आणि कॅसेटीतलं सगळं त्यात भरलं. 'पासली' नावाचं फोल्डर. कॅसेटींना इथल्या, भोरच्या ओलीने बुरशी आली होती, त्या त्यांनीच भंगारात दिल्या. "आता कशाला? सगळं यात आहे," म्हणाले होते.

आज धूळ पुसून चालू केला. सुरू व्हायला इतका वेळ घेतला की डाळ शिजली. सुरू झाल्यावर पहिली तक्रार: जागा संपत आली. लाल पट्टी. माझ्या रेकॉर्ड रूममध्ये छताला टेकतील इतके गठ्ठे होते, मी कधी कुणाला लाल पट्टी दाखवली नाही.

३ जुलै

घाईत लिहितेय, अक्षर वाईट आलं तर आलं.

पहिलीच ओवी लावली. आधी जात्याची घरघर, मग सासूबाईंचा आवाज.

साहेबू माझा बाळ, डोंगर चढून गेला

दुसरी ओळ साहेबराव म्हणतात. त्यांचा तेव्हाचा आवाज, भरदार. आणि इथे खुर्चीत बसलेल्या साहेबरावांचे ओठ हलायला लागले. आधी नुसती हवा, मग सूर. वाकडातिकडा, पण सूर. ओळीचा शेवटचा शब्द स्वच्छ आला: "दिला."

वर्षभरात "बरोबर" सोडून पहिला शब्द!

मी परत लावली. परत "दिला." तिसऱ्यांदा त्याच्या आधीचाही एक शब्द अर्धा आला. त्यांचे डोळे भरले होते. माझे नव्हते, माझं नाक गळत होतं, हवाच तशी आहे. त्यांच्या तोंडाकडे बघण्याच्या नादात ती दुसरी ओळ आहे काय ते मी नीट ऐकलंच नाही. उद्या ऐकून इथे लिहून ठेवीन.

शेजारच्या नूतनला हाक मारून दाखवणार होते, तेवढ्यात लाईट गेली.

४ जुलै

लाईट दिवसभर जा-ये. कॉम्प्युटर लावला, गेला. परत लावला, परत गेला. चौथ्यांदा उठला तेव्हा काळा पडदा आणि त्यावर इंग्रजी ओळी पळायला लागल्या. डिस्क तपासत आहे म्हणे. थांबवायचं असेल तर कळ दाबा. मी दाबली नाही. तपासणी चालू असताना मध्ये बोलू नये हे सिस्टरांनी शिकवलं आणि नोकरीने पक्कं केलं.

साहेबराव शेजारी बसून होते. त्यांना यातलं माझ्याहून जास्त कळायचं, पूर्वी. ओळी पळत असताना काठी जमिनीवर आपटत होते. "बरोबर, बरोबर." मी म्हटलं, "हो, बरोबर चाललंय. धीर धरा."

तपासणी संपली. 'पासली' फोल्डर उघडलं. आत काही नाही.

५ जुलै

पुन्हा बघितलं. काही नाही. फोल्डर आहे, नाव आहे, आत शून्य. सातबारा आहे आणि जमीन नाही, अशी गत.

आणि गंमत ही की जागा तेवढीच भरलेली. लाल पट्टी जिथे होती तिथेच. पासली रिकामी झाली तर तिची जागा मोकळी व्हायला नको? म्हणजे कुणीतरी दुसरं येऊन बसलंय.

इथल्या चौपाटी चौकातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात फोन केला. दुकानदार धनाजी. मागे एकदा दुरुस्तीला दिला तेव्हा याने आत स्वतःच्या आवडीची सिनेमाची गाणी भरून ठेवली होती, तेव्हापासून मी त्याच्याकडे जात नाही.

"मॅडम, हिडन फायली दिसतील असं करा. वरती व्ह्यू मध्ये जावा. तिथं टिक मारा."

मारली. आणि आलं की वर एक फोल्डर! फिकट, धुरकट, भुतासारखं. नाव 'फाऊंड', पुढे एक टिंब आणि तीन शून्यं. फाऊंड! काय फाऊंड? कुणाला? कर्ता नाही, कर्म नाही. ज्याचं हरवलंय त्याला न कळवताच सापडलं. आत शेकडो फायली. एकीला धड नाव नाही. 'फाइल' आणि आकडा, 'फाइल' आणि आकडा, आणि प्रत्येकीच्या शेपटीला सीएचके.

धनाजीला वाचून दाखवलं.

"कचरा असतोय मॅडम तो. सिस्टिमचा. उडवून टाका, मोकळं हुईल मशीन."

"बघून सांगताय की न बघता?"

"आता फोनवर कसं बघू? आनून टाका की दुकानात."

आणून टाकते! म्हणजे परत याची गाणी.

७ जुलै

काल नुसती बघत बसले. यातल्या काही फायली केवढ्या मोठ्या आहेत! कचरा इतका जाडजूड असतो? पण सरकारी कचेरीत सगळ्यात जाड गठ्ठा बहुधा निरुपयोगीच असायचा, हेही खरं.

एक फाइल नोटपॅडात उघडून बघितली. पान भरून किडामुंगी. चौकोन, प्रश्नचिन्हं, उलटे स्वल्पविराम. आठ वर्षं मी नन्सकडे इंग्रजी शिकले, त्यात एक शब्द इंग्रजी नाही. मराठी नाही, मोडी नाही, काही नाही.

नूतन डोकावली. "काकू, त्या मशीनवर काय एवढं बघताय सकाळपास्नं?"

"घुसखोर."

"आँ?"

"दुसऱ्याच्या जागेत अतिक्रमण करून बसलेत. ते उठल्याशिवाय मूळ मालक परत येणार नाही."

तिला काय कळलं देव जाणे, साहेबरावांना आंघोळीला उठवायला हात लावला आणि गेली. पोर चांगली आहे. 'न' आणि 'ण' तिच्या दृष्टीने एकच.

८ जुलै

रीत ठरवली. आयुष्यभर जे केलं तेच करायचं.

आमच्याकडे प्रत्येक कागदाला वर्ग होता. 'अ' वर्ग कायमचा: जमिनीचे, हक्काचे कागद. 'ब' बरीच वर्षं. 'क' थोडी. आणि 'ड' म्हणजे काम झालं की नष्ट करायचे. वर्ग कागदावर लिहिलेला नसेल तर विषय बघायचा. विषय नसेल तर जावक क्रमांक. तोही नसेल तर सही. ज्याला विषय नाही, क्रमांकाचा आगापिछा नाही, सही नाही, तारीखही नाही, असा कागद कुणाचा? कुणाचाच नाही. 'ड'. माझ्या हाताखालून असे पोत्यांनी गेले, आणि कुणी कधी परत मागायला आलं नाही. तपासणीला आलेल्या साहेबांनी शेरा मारला होता, रेकॉर्ड रूम असावी तर अशी.

तर या सगळ्या फायली 'ड'.

मात्र नियमाप्रमाणे वरिष्ठांच्या मंजुरीशिवाय नष्ट करता येत नाही. इथे वरिष्ठ कोण? कॉम्प्युटर साहेबरावांचा. तेव्हा मंजुरी त्यांची.

९ जुलै

झालं एकदाचं.

चहा झाल्यावर साहेबरावांची खुर्ची कॉम्प्युटरसमोर ओढली. ते फिकट फोल्डर उघडून दाखवलं. सगळं नीट समजावून सांगितलं. "अहो, हे घुसलेत म्हणून तुमच्या ओव्या दिसत नाहीत. हे काढले की जागा होईल, आणि पासली परत येईल. उडवू ना?"

"बरोबर!" इतक्या मोठ्यांदा, की मी दचकले. डाव्या हाताने माऊसच धरला. मी सोडवून घेतला. त्यांचा हात थरथरतो, भलतंच काही दाबलं जायचं. "बरोबर! बरोबर! बरोबर!" टेबलावर मूठ आपटत होते. चेहरा लाल. इतका उत्साह वर्षभरात बघितला नव्हता. ओव्या परत मिळणार म्हणून अधीर झाले होते बिचारे.

नूतन आवाज ऐकून दारात आली. "काकू, काका नको म्हनतायत वाटतं."

"त्यांना नको म्हणता येत असतं तर मी हा खटाटोप कशाला केला असता? जा, तुझं दूध उतू जाईल."

सगळ्या फायली निवडल्या, डिलीट दाबलं. यंत्राने विचारलं, या फार मोठ्या आहेत, कचऱ्याच्या डब्यात मावत नाहीत, कायमच्या काढू का? शुद्ध, व्याकरणशुद्ध प्रश्न. या यंत्राने विचारलेला पहिला सरळ प्रश्न. मी 'हो' दाबलं.

हिरवी पट्टी सरकत गेली. साहेबराव तिच्याकडे बघत होते. अर्ध्यावर आली तेव्हा मूठ थांबली. पूर्ण झाली तेव्हा हात मांडीवर होता.

मंजुरीने नष्ट. दीपमाला, अभिलेखपाल, निवृत्त. गंमत म्हणून लिहिलं.

१० जुलै

लाल पट्टी निळी झाली. भरपूर मोकळी जागा. पासली अजून रिकामी. कॉम्प्युटर बंद करून परत चालू केला, कधीकधी वेळ लागतो.

साहेबराव जेवले नाहीत. भाकरी पुढे केली तर तोंड भिंतीकडे. पोट बिघडलं असेल, ओवा दिला.

११ जुलै

पासली रिकामी.

इंटरनेटवर हरवलेल्या फायली परत आणणारं काहीतरी मिळतं म्हणतात. एक उतरवून घेतलं. त्याने आधी स्वतःचंच बिऱ्हाड थाटलं, मग आणखी दोन उतरवायला लावले, आणि तिघांनी मिळून पुन्हा जागा भरली. सापडलं काय, तर धनाजीच्या सिनेमातल्या गाण्यांचे तुकडे. ती मात्र जिवंत!

साहेबराव आज "बरोबर" सुद्धा म्हणाले नाहीत. एकदाही नाही. चहा दिला, घेतला.

१३ जुलै

पुण्याहून गायत्रीचा फोन आला, माझी भाची, भावाची मुलगी. ती कॉम्प्युटरचंच काम करते. मीच निरोप ठेवला होता. आधी मामांची चौकशी केली, मग म्हणाली, "सांग आत्या, काय काय झालं? पहिल्यापासून सांग."

सांगितलं. लाईट गेली, तपासणी झाली, पासली रिकामी झाली.

"मग एक फाऊंड नावाचं फोल्डर आलं असेल बघ. लपलेलं असतं. त्याला अजिबात हात लावू नकोस. तुझ्या ओव्या त्यातच आहेत. लाईट गेल्यामुळे त्यांची नावं पुसली गेली, आणि तपासणीत जे सापडलं ते मशीनने नंबर टाकून त्यात ठेवलं. मी रविवारी येते, नावं बदलून देते, सगळं वाजेल."

मी कॉम्प्युटरकडे बघितलं.

"आत्या? हॅलो? आत्या, ते फोल्डर आहे ना?"

१४ जुलै

नाव पुसलं तर तसं लिहून ठेवावं. 'हे तुमचं आहे' असं लिहावं. एवढी इंग्रजी येते, कायमच्या काढू का असं विचारता येतं, मग कुणाच्या काढताय हे सांगता येत नाही? सापडलेल्या मुलाला पोलिस नंबर देतात, पण त्याआधी गावभर विचारतात तरी, कुणाचं पोर आहे म्हणून.

आणि मी काही मनाने केलं नव्हतं. मंजुरी घेतली होती.

२० जुलै

गायत्री येऊन डिस्क काढून घेऊन गेली. मी त्या 'परत आणणाऱ्या' गोष्टी उतरवल्याचं सांगितलं तेव्हा ती खाली बघत राहिली. नवीन काही लिहिलं की जुन्यावर जाऊन बसतं म्हणे. म्हणजे खरे घुसखोर मीच आणून बसवले. ती तसं म्हणाली नाही. तिच्या आईवर गेली आहे, जे म्हणायचं ते कधी म्हणत नाही.

जाताना मामांच्या पाया पडली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही.

२९ जुलै

पुण्यात दोन ठिकाणी दाखवलं. गायत्रीने मोबाईलवर पाठवलं जे मिळालं ते. जात्याची घरघर, थोडीशी. त्यात मधे एक खोकला. सासूबाईंचा. मग खरखर.

साहेबरावांना ऐकवलं. घरघर सुरू झाली तसं त्यांनी मान वर केली. खोकला आला. मग संपलं. ते वाट बघत राहिले. मी परत लावलं नाही.

४ ऑगस्ट

पासलीला जाऊन आले. नूतनला दिवसभर यांच्याजवळ बसवलं. भोरहून नसरापूर, तिथून वेल्ह्याची एसटी. मार्गासनीला गाडी अर्धी रिकामी झाली, पुढे वेल्ह्याहून टेम्पो. लावणीचे दिवस, दोन्ही बाजूंना खाचरात बायका वाकलेल्या. कुणी गात नव्हतं. एका बांधावर मोबाईल वाजत होता.

बनाबाई आहे. अंगणात पोत्यावर बसली होती, डोळ्यांना नीट दिसत नाही.

"जय भीम. बनाबाई, ओळखलंत का? मी साहेबराव गुरुजींची."

"जय भीम, जय भीम. आगं बया! मालकीनबाई व्हय? तुमी कवा आमच्या वळचनीला आला न्हाईत, आज कसं काय? गुरुजी कुठं हायेत?"

"घरी आहेत. त्यांची वाचा गेलीय."

"गेली?" सरकून तिने पोत्यावर मला जागा केली. "एवढा बोलका मानूस."

मी आल्याचं कारण सांगितलं. ओव्या हव्यात. आठवतील तेवढ्या म्हणा, मी लिहून घेते.

तर म्हातारी हसायलाच लागली. "आता माज्यापाशी कुठल्या? म्या समद्या गुरुजींच्या पेटीत घातल्या की! अक्काबाई म्हनली व्हती, घाल बया, तितं कीड न्हाई लागत, उंदीर न्हाई लागत. घातल्या. मंग डोस्क्यात कशापायी ठिऊ? ती पेटी लावा की, तुमच्याच घरात हाय."

तिला काय सांगणार? मी म्हटलं, पेटी बिघडली.

"मंग करा नीट. शिकल्यासवरल्या तुमी."

एक तरी ओवी म्हणा म्हटलं, साहेबू माझा बाळ. तिने हात हवेत धरून गोल फिरवला. दोनदा, तीनदा. "न्हाई येत. खुटा हातात आल्याबिगर वठावर न्हाई येत." जातं दाराशी पायरीला लावलंय, वरची तळी तेवढी. खुंटा कधीच गेला. मी तिला माझं मनगट दिलं, म्हटलं, हे धरा खुंटा म्हणून. तिने धरलं, माझा हात फिरवायला लागली. सून भांडी घासायची थांबून बघत होती. आणि आली. घोगरी, सुरात:

साहेबू माझा बाळ, डोंगर चढून गेला

"पुढे?"

हात फिरत राहिला, आवाज आला नाही.

"पुढं मला कुठं येती? पुढची वळ गुरुजी म्हनायचे. त्येंनीच जुळवलेली. अक्काबाई एक म्हनायची, ल्योक दुसरी म्हनायचा. आमी नुस्तं हसायचो. त्येंना ईचारा की."

परतताना टेम्पोत बसायला जागा मिळाली. वाचायला काही नव्हतं, तेव्हा नुसती बसून राहिले.

६ ऑगस्ट

स्नेहलमॅडमना फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, "हरकत नाही काकू, तुम्ही म्हणा. तुमचा आवाज." नंतर म्हणाल्या, "फार अपेक्षा ठेवू नका."

कॉन्व्हेंटात मला गायनात नेहमी मागच्या रांगेत उभं करायचे, नुसतं तोंड हलव म्हणून सांगून.

११ ऑगस्ट

रोज संध्याकाळी म्हणते. आज चौथा-पाचवा दिवस असेल. नूतन म्हणते, काकू, तुमचा आवाज आमच्या म्हशीवानी येतो. येऊ दे.

पहिली ओळ मला येते. साहेबू माझा बाळ, डोंगर चढून गेला. ती संपली की साहेबरावांचे ओठ हलतात, आणि मी थांबते. आवाज येत नाही. "दिला" सुद्धा आता येत नाही.

म्हणून आज मी स्वतःच दुसरी ओळ जुळवली. शेवट 'दिला' असा हवा, एवढं ठाऊक होतं. म्हटलं:

पासलीच्या पोरांना, शहाणपणा दिला

साहेबरावांनी माझ्याकडे बघितलं. "बरोबर," म्हणाले. कितीतरी दिवसांनी म्हणाले.

दुसरी लावून बघितली. अडाणी त्या गावाला, धडा त्यानं दिला.

"बरोबर."

तिसरी. "बरोबर." डावा हात पुढे करून माझ्या तोंडावर ठेवला, हळूच, चुकीचं वाचणाऱ्या पोराला थांबवावं तसा.

तेव्हा मी मॅडमनी सांगितल्याप्रमाणे चेहऱ्याकडे बघितलं. कितीतरी वेळ बघितलं. शब्द सोडून.

हा चेहरा मी आधी एकदा पाहिला आहे. याच टेबलाशी, याच खुर्चीत. केव्हा, ते मी इथे लिहिणार नाही.

आता फक्त पहिलीच ओळ म्हणायची असं ठरवलं. ती म्हणते आणि थांबते. ते ओठ हलवतात. मग बाहेर भांडी वाजतात, कुणाची तरी मोटरसायकल जाते, आणि मी दिवा लावायला उठते.